धामणीच्या धनुष्यातला पीळ : कामाच्या नोंदी

रविवार, १९ जानेवारी २०२५

आतेभावाच्या बांधावरची धामण दोन वर्षांपूर्वी वळवाच्या पावसात उन्मळून पडली होती. त्याचं रान पन्हाळा तालुक्यात. बरंचसं लाकूड गावात कुऱ्हाडीच्या नि कुदळीच्या दांड्यांना गेलं. एक सहा फुटांचा ओंडका मी मागून घेतला. करवतीनं कापला नाही, पाचरी मारून उभा फोडला. करवत आपण नेऊ तिकडं जाते, फाट मात्र लाकडाच्या रेषेनंच जाते, आणि धनुष्याला रेषा अखंड लागते. दोन्ही टोकांना फेविकॉल चोपडून फळ्या माळ्यावर ठेवल्या होत्या. आज त्यातली एक खाली काढली.

धामण म्हटलं की पोरांना साप आठवतो. झाड वेगळं. शास्त्रीय नाव ग्रेविया टिलीफोलिया, संस्कृतात धन्वन किंवा धनुर्वृक्ष. चिवट, लवचीक, एकदम कडकन न मोडणारं लाकूड. नावातच काम लिहिलंय, तर लेकीसाठी पहिलं धनुष्य ह्याचंच करायचं असं दोन वर्षं मनात होतं.

फळी बाकावर ठेवली आणि पोटात गोळा आला. एक टोक टेकवलं की दुसऱ्या टोकाचा कोपरा उचलतो. झाड वाढतानाच रेषा खोडाभोवती वळत गेलेली, त्यामुळं फाटही तशीच गेली. आमच्या पॅटर्न शॉपमध्ये (ओतकामाच्या साच्यासाठी लागणारे नमुने करतो तिथं) लाकडातला आळ, म्हणजे पीळ, बघायची जी रीत, तीच लावली: दोन सरळ पट्ट्या, ३०० मिमीच्या, एक मुठीच्या जागी आडवी, एक टोकाला आडवी, आणि एका डोळ्यानं एकीच्या कडेवरून दुसरी बघायची. वरच्या बाहूत पट्टीच्या दोन टोकांत २६ मिमीचा फरक. खालच्या बाहूत ४४. म्हणजे वर साधारण पाच अंश, खाली साडेआठ.

(बाहू म्हणजे मुठीपासून टोकापर्यंतचा वाकणारा भाग. मैदानावरची पोरं त्याला लिंब म्हणतात. लिंब म्हटलं की मला दारातलं झाड दिसतं, म्हणून मी बाहूच लिहितोय. निशाणाकडं तोंड असते ती पाठ, आपल्याकडं असते ते पोट.)

रविवार, २६ जानेवारी

साल काढली. सालीखालचा पहिला थर म्हणजेच धनुष्याची पाठ, तिला हत्यार लावायचं नाही. सगळा ताण तिथं येतो, एक रेषा तुटली तरी तिथूनच चिलपा उठतो. बोथट सुरीनं आतली साल खरवडत बसलो, चार तास.

आखणी केली. लांबी ६६ इंच, मुठीजवळ रुंदी ३८ मिमी, टोकाला १७. बाहू रुंद आणि चपटा. डेन्मार्कमध्ये होल्मेगार्डच्या दलदलीत १९४४ साली एल्म लाकडाची धनुष्यं सापडली, सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीची. त्यांचे बाहूही असेच रुंद नि चपटे. चपट्या बाहूला आडवं वाकणं जड जातं. अरुंद आणि जाड केला तर तो डाव्या-उजव्या बाजूला पळायला बघतो. पीळ असलेल्या लाकडाला रुंदी हा मोठा आधार आहे.

रविवार, ९ फेब्रुवारी

कच्ची तासणी झाली. बाहू अजून जाड, वाकत नाही इतका. पीळ काढायची वेळ हीच. फार जाड असला तर आतपर्यंत ऊब जात नाही, पातळ झाल्यावर तापवला तर जळायची भीती.

वाफ की कोरडी ऊब, ह्यावर रात्रभर विचार केला. ओल्या लाकडाला वाफ बरी. साधारण इंचभर जाडीला तासभर वाफ देतात. हे लाकूड दोन वर्षं वाळलेलं, त्यात परत पाणी घालायला मन होईना. हॉट एअर गन घेतली. मूठ वाइसमध्ये आवळली, पाठीला फॉइल गुंडाळलं म्हणजे ऊब पोटाच्या बाजूनंच जाईल, पोटाला शेंगतेल चोळलं म्हणजे पृष्ठभाग तडकणार नाही.

चूक इथं झाली. सगळा खालचा बाहू एकदमच तापवायला गेलो. इकडून तिकडं गन फिरवत राहिलो, टोकाला शिकंजा लावून उलटा पिळला, पट्ट्या समांतर झाल्या, रात्रभर तसाच ठेवला.

सोमवार, १० फेब्रुवारी

कामावर जायच्या आधी शिकंजा सोडला. डोळ्यांदेखत सरकत सरकत परत फिरला. ४४ चा २४ झाला, त्याच्या खाली नाही.

सुंभ जळतो पण पीळ जळत नाही, हे लहानपणापासून ऐकतोय. आज हातात धरून पाहिलं.

रविवार, १६ फेब्रुवारी

परत तेच काम, पण तुकड्यातुकड्यानं. खालचा बाहू पेन्सिलीनं सहा-सहा इंचांच्या टप्प्यांत वाटला. एका वेळी एकच टप्पा. गन दोन बोटांच्या अंतरावर धरून सावकाश पुढं-मागं, घाई नाही. दहा-बारा मिनिटांनी भाजलेल्या शेंगांसारखा वास सुटला, पोटाकडची बाजू किंचित तांबूस दिसायला लागली. पाठीवर उलटा हात ठेवला तर क्षणभरही धरवेना, म्हणजे ऊब आरपार पोचली. लाकडाच्या तंतूंना चिकटवून ठेवणारं लिग्निन उष्णतेनं मऊ पडतं, गार झालं की पुन्हा घट्ट होतं. नवा आकार धरून ठेवतं ते तेच.

टप्प्याच्या पलीकडच्या बाजूला मोठा पाना बसवला, जबड्यात चामड्याचे तुकडे घालून. पान्याची दांडी म्हणजे तरफ. हळू दाबली. हाताला एक क्षण असा येतो की लाकूड विरोध सोडतं, लोण्यात सुरी गेल्यासारखं नाही, पण दार उघडताना बिजागरी सुटते तसं. तिथं थांबलो नाही, सरळ रेषेच्या पुढं, उलट बाजूला पट्टीवर १० मिमी जाईल इतका नेला. परत थोडा येणारच, त्याची सोय आधीच करायची. आम्ही बिडाच्या कास्टिंगसाठी पॅटर्न करतो तेव्हा एक टक्का मोठा करतो, कारण धातू गार होताना आकसतो. हाही तसाच हिशेब आहे, फक्त टक्केवारी लाकूड ठरवतं.

पान्याच्या दांडीला दोरी बांधून बाकाच्या पायाला ताणली. पुढचा टप्पा मागचा पूर्ण गार झाल्यावरच. पंखा लावून किंवा पाणी मारून गार करायचा नाही. दिवसात तीन टप्पे झाले.

रविवार, २३ फेब्रुवारी

उरलेला टप्पा आणि वरचा बाहू. खाली आता ४ मिमी, वर २. एवढं चालतं.

आता दहा-बारा दिवस हात लावायचा नाही. तापवलेलं लाकूड फार कोरडं होतं, हवेतला ओलावा परत शोषून आठ-दहा टक्क्यांवर यायला वेळ लागतो. त्याआधी वाकवलं तर मोडतं. बुधवारी महाशिवरात्रीला घरी असेन, तेव्हाही माळ्याकडं नुसतं बघून घ्यायचं.

रविवार, ९ मार्च

दोन्ही बाहू रंध्यानं उतरवून जमिनीवर दाबून पाहिले, वाकताहेत. पहिल्यांदा दोरी चढवली, अगदी कमी, मुठीपासून १०० मिमी.

लेक समोर उभी होती. माझ्या आधी तिलाच दिसलं.

"पप्पा, दोरी डावीकडं पळालीया."

खरंच पळाली होती. नेम धरणाऱ्याच्या जागी उभं राहून पाहिलं तर दोरी मुठीच्या मध्यावरून जायला हवी, ती ९ मिमी डावीकडून जात होती. वरचं टोक जागेवर. खालचं टोक डावीकडं १८ मिमी सरकलेलं. खालच्या बाहूचं पोटही डावीकडं कललेलं दिसत होतं.

अशी दोरी असताना धनुष्य ओढायचं नाही. बाण नुसता वाकडा जाण्याचा प्रश्न नाही. कललेल्या बाहूत पोटाची एकच कड सगळा दाब घेते, तिथं आडव्या सुरकुत्या पडतात, त्या परत भरत नाहीत. आणि पीळ फार असला तर ओढताना दोरी टोकावरून निसटून बाहू उलटा फिरू शकतो. लगेच दोरी उतरवली.

सोमवार, १० मार्च

मला वाटलं, पीळ परत आला. रात्री खालचा बाहू पुन्हा तापवला, आणखी उलटा नेला.

शनिवार, १५ मार्च

पाच दिवसांनी दोरी चढवली. पुन्हा ९ मिमी डावीकडं. एका केसानंही फरक नाही.

दोरी नसताना पट्ट्या ठेवल्या तर बाहू सरळ दिसतो. दोरी चढली की फिरतो. हे आठवडाभर माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

रविवार, १६ मार्च

आज सुतारमामांकडं घेऊन गेलो. वय ऐंशीच्या घरात, हयात बैलगाड्या जोडण्यात गेली. धनुष्य त्यांनी कधी केलं नाही, पण धामण त्यांच्या हातची. धनुष्य हातात घेतलं, दोरी न लावता गुडघ्यावर दाबलं, अंगठा पोटावरून दोन्ही कडांनी फिरवला.

"लाकडातला पीळ येगळा आन् हातानं घातलेला येगळा. लाकडातला तू काढलास की. ह्यो दुसरा हाय. उजवी कड फुगीर लागतीया बघ. जाड हाय."

मी रोज मिलिमीटरच्या शंभराव्या भागाशी खेळतो, आणि त्यांच्या अंगठ्यानं ते आधी सांगितलं. घरी येऊन व्हर्नियर लावला. मुठीपासून २५० मिमी अंतरावर डावी कड ११.५, उजवी कड १२.३.

आठ दशांश मिलिमीटर. पण ताठपणा जाडीच्या घनानं वाढतो: रुंदी दुप्पट केली तर ताठपणा दुप्पट, जाडी दुप्पट केली तर आठपट. १२.३ ला ११.५ नं भागलं, घन केला, तर १.२२ आला. म्हणजे उजवी कड डाव्या कडेपेक्षा बावीस टक्के ताठ. वाकवलं की डावी कड आधी हार मानते, बाहू तिकडं वळतो, टोक तिकडं जातं. हे तापवून सुटणारं नाही, कारण दोरी नसताना हा पीळ अस्तित्वातच नसतो.

आणि तो कसा आला तेही उमगलं. मी जाडीच्या रेषा आखल्या तेव्हा फळीत मूळचा पीळ होता, रंधा त्या कललेल्या आखणीप्रमाणं चालवला. नंतर तापवून बाहू सरळ केला, पण पोट तिरपंच राहिलं. शिवाय खोड बारीक असल्यानं पाठ घुमटासारखी आहे आणि घुमटाचा माथा बरोबर मध्यावर नाही, जरा उजवीकडं आहे. तिकडं लाकूड जास्त उरलेलं डोळ्याला कळत नव्हतं. आमच्या धंद्यात पहिला नियम असा की मापाचा संदर्भ ज्या पृष्ठभागावरून घेतला तो हलला तर सगळी मापं पुन्हा घ्यायची. पॅटर्नवर मी हे कधी विसरलो नसतो.

बुधवार, १९ मार्च

रंगपंचमी. हात रंगलेले, काम नाही.

रविवार, २३ मार्च

आज संपूर्ण दिवस खालच्या बाहूवर.

रंधा बाजूला ठेवला. ह्या टप्प्याला रंधा फार खातो. जुन्या करवतीच्या पात्याचा हाताएवढा तुकडा घेतला, कड चौरस घासून तिच्यावर पोलादी दांडी फिरवून बारीक धार वळवली. दोन्ही अंगठ्यांनी तुकडा जरा वाकवून पुढं ढकलायचा. नीट धार लागली तर भुकटी पडत नाही, कांद्याच्या पापुद्र्यासारखी शेव सुटते.

पोटावर मध्यरेषा पेन्सिलीनं काढली. डाव्या अर्ध्यावर पेन्सिलीची जाळी मारून ठेवली. तिला स्पर्श करायचा नाही, जाळी पुसली तर कळेल. खरवडायचं ते उजव्या अर्ध्यात, म्हणजे जाड बाजूला. बाहू ज्या बाजूला वळतो ती दुबळी बाजू. तिच्यातून काढलं तर पीळ वाढेल. दोरी चढवून डोळ्यांनी बघताना हे उलटं वाटू शकतं, म्हणून मी बाहूवर खडूनं लिहूनच ठेवलं: "इथून काढ."

वीस वेळा खरवडणं. मग दोरी चढवून थोडं थोडं, तीस वेळा ओढणं, कारण लाकूड नवी जाडी लगेच दाखवत नाही. मग दोरी कुठून जाते ते बघणं. मग दोरी उतरवून पुन्हा वीस.

पहिल्या तीन फेऱ्यांत काहीच नाही. चौथीला दोरी ८ वर आली. दुपारी जेवणाआधी ६. तिथं घाई झाली असती, कारण फरक दिसायला लागला की हात आपोआप जोरात चालतो. लेकीला घड्याळ लावून बसवलं. ती सांगेल तेव्हाच पुढची फेरी. संध्याकाळी उजवी कड ११.७ झाली आणि दोरी ३ मिमीवर.

मघाशी बाकाखाली शेवांचा ढीग झाडला, ओंजळभरसुद्धा नाही. एवढ्याशा लाकडानं दोरी सहा मिलिमीटर फिरवली.

रविवार, ३० मार्च

पाडवा. सकाळी गुढी, दुपारी काम. खालचा बाहू हलका झाला म्हणून वरचाही त्याच्या जोडीला आणावा लागला, दोन्ही कडा सारख्या ठेवत. ताण, म्हणजे धनुष्य ओढायला लागणारा जोर, ३८ पौंडांवरून ३३ वर आला. पीळ काढण्याची किंमत ही अशी पौंडांत मोजावी लागते, म्हणून सुरुवातीला बाहू जाड ठेवलेला बरा.

रविवार, ६ एप्रिल

उरलेल्या ३ मिमीसाठी पोट खरवडायचं नाही असं ठरवलं. ते काम टोकाचं. खालचं टोक १७ मिमी रुंद होतं. डावीकडून ४ मिमी कानशीनं घासून १३ वर आणलं, दोरी अडकवायची डावी खाच पुन्हा कोरली. टोकाचा मध्य २ मिमी उजवीकडं सरकला, आणि दोन टोकांच्या मधोमध असलेल्या मुठीपाशी दोरी त्याच्या निम्मी, १ मिमी सरकली. आता २ मिमी डावीकडं.

हे २ मिमी मुद्दाम ठेवतोय. लेक उजव्या हातानं ओढते, बाण मुठीच्या डाव्या अंगाला बसतो. दोरी किंचित त्या बाजूला असली तर बाणाला मुठीला वळसा घालून जावं लागतं तो वळसा थोडा कमी होतो. उजवीकडं असती तर पुन्हा खरवडलं असतं.

शनिवार, १२ एप्रिल

जोतिबाची यात्रा. वाडी रत्नागिरीला, जोतिबाच्या डोंगरावर, चालत गेलो. सासनकाठ्या नाचताना बघत होतो. एवढा उंच बांबू, वर वारा धरलेला, खाली पोरांनी दोऱ्या ताणलेल्या. एका बाजूची दोरी सैल पडली की काठी कशी फिरते ते आज वेगळ्याच डोळ्यांनी पाहिलं. बराच वेळ गर्दीत एका जागी उभा होतो.

रविवार, २० एप्रिल

पूर्ण ओढ. लेकीच्या मापानं २६ इंच, ताण ३१ पौंड. समोरून मोबाईलवर चित्रण केलं, पुन्हा पुन्हा पाहिलं: खालचा बाहू ओढताना फिरत नाही, टोक सरळ मागं येतं. पहिले बारा बाण तिनं आतेभावाच्या बांधावर मारले, मागं मातीचा ढीग. सहावा बाण सुटल्यावर तिनं काही न बोलता धनुष्य उलटं करून खालच्या बाहूचं पोट तपासलं. एकही सुरकुती नव्हती.

जवसाचं तेल चोळून ठेवलं.

रविवार, १ जून

पाऊस यंदा मे महिन्यातच आला. भिंती ओलसर. दोरी ४ मिमीवर, पट्ट्या ठेवल्या तर खालच्या बाहूत ४ चे ९ झालेले. तापवून दिलेला आकार ओलाव्यानं सैल होतो हे ठाऊक होतं, पण जवस तेल हवेतला ओलावा अडवत नाही ह्याकडं मी दुर्लक्ष केलं.

प्लायवुडची लांबट पेटी केली, आत दोन पिवळे बल्ब, दोन्ही बाजूंना भोकं. धनुष्य त्यात, दोरी न लावता, पट्टीवर सरळ बांधून.

रविवार, १५ जून

दोन आठवडे पेटीत. पट्टीवर ५ मिमी, दोरी २.५ वर. तेल स्पिरिटनं पुसून काढलं आणि शॉपमध्ये पॅटर्नला लावतो तेच लाखेचं पॉलिश दिलं, पातळ हातानं पाच वेळा, मध्ये बारीक पॉलिश पेपर. ओल्या वाळूत पॅटर्न रोज दाबले जातात आणि तरी फुगत नाहीत ते ह्या थरामुळं. खाचांच्या आत आणि टोकांच्या आडव्या रेषांवर सात वेळा लावलं, कारण लाकूड तिथूनच पाणी पितं.

पावसाळाभर दर रविवारी माप घ्यायचं. पेटीच्या झाकणाच्या आत लेकीनं तक्ता चिकटवलाय, पहिल्या ओळीत तिच्या अक्षरात लिहिलंय: १५ जून, २.५.